नदीपलीकडचे नाव

“तुम्ही नक्की कुठले, हे एकदा ठरवा, चाचा. शिरूरचे, का दौंडचे, का आनखी कुठले.”

वाक्य जसे उच्चारले गेले तसेच लिहिले आहे. स्थळ, आमच्या गावातील दूध संस्थेचे सभागृह. वेळ, सकाळी साडेदहा. उच्चारणारे गृहस्थ संस्थेचे चेअरमन. गाव त्यांना आप्पा म्हणते. मीही आप्पाच म्हणतो, जरी ते माझ्याहून अकरा वर्षांनी लहान आहेत.

समोर वीस-बावीस बायका बसल्या होत्या. कोणी गरोदर, कोणाच्या मांडीवर तान्हे. भिंतीशी पोषण आहाराच्या पाकिटांची तीन पोती. पोते फोडले की भाजलेल्या पिठाचा गोडसर वास सुटतो, तो सुटला होता. अंगणवाडी सेविका खुर्चीवर बसून एकेकीच्या चेहऱ्यासमोर मोबाईल धरत होती. चेहरा जुळला की मोबाईल हिरवा होई आणि पाकीट मिळे. माझी मुलगी अस्मा माझ्या शेजारी उभी होती. आठवा महिना. एक हात कमरेवर.

आप्पा हसत होते. हे नोंदवणे मला आवश्यक वाटते. ते रागावले नव्हते, ओरडले नव्हते, अपशब्द तर मुळीच नाही. मला तुम्ही म्हणाले. चाचा म्हणाले. बसायला खुर्चीही दिली असती, मी मागितली असती तर.

शिरूर हा तालुका आहे. दौंड हाही तालुका आहे. “आनखी कुठले” हा तालुका नाही. सभागृहातील प्रत्येकाला ते कळले. बायका हसल्या. काही पदर तोंडाला लावून, काही तशाच. त्यांच्यातल्या निम्म्यांच्या सासऱ्यांचे दस्त मी लिहिले आहेत.

माझ्या रागाची तालुक्यात ख्याती आहे. तलाठ्यापासून मंत्रालयापर्यंत मी पत्रे लिहिली आहेत आणि एकाही पत्रात कोणाची भीड धरलेली नाही. तेव्हा मला संताप आला असे लिहिता आले असते तर बरे झाले असते. आला नाही. हाताची बोटे थंड पडली. मी हात जोडले. म्हणालो, “माफ करा, आप्पा. चूक आमचीच झाली.”

आणि मुलीला घेऊन घरी आलो.

चूक कोणती, ते सांगतो. ती खरोखरच माझी होती.

मी चाळीस वर्षे शिरूरला कचेरीबाहेर झाडाखाली दस्तलेखक म्हणून बसलो. खरेदीखते, वाटणीपत्रे, वारसाचे अर्ज. आप्पांच्या वडिलांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद माझ्या अक्षरातली आहे. चार भावांचे वाटप मीच लिहिले, चतुःसीमा एक इंच चुकू दिली नाही. आमचे घराणे या गावात किती पिढ्यांचे, हे कब्रस्तानातले दगड वाचून कोणीही मोजावे. वडगाव रासाईच्या खालच्या अंगाला, भीमेच्या काठी आमचे गाव. नदीच्या अलीकडे शिरूर, पलीकडे दौंड. अस्माला दिली ती पलीकडच्या गावात. आमच्या घाटावर उभे राहिले की तिच्या सासरच्या मशिदीचा भोंगा दिसतो, वारा इकडचा असला तर ऐकूही येतो.

निकाह झाला आणि महिन्याच्या आत मी तिचे सगळे कागद बदलून घेतले. आधारवर सासरचा पत्ता. रेशन कार्डात इकडून नाव कमी, तिकडे नाव दाखल. जावई वेल्डिंगच्या कामाला जातो, त्याला सवड नव्हती. मी स्वतः तीन खेपा घातल्या. कायदा सांगतो की माणूस राहतो तेथे त्याची नोंद असावी. मी कायदा पाळला.

गावात असे कोणी करत नाही. लेक सासरी जाते, कागद माहेरीच राहतात. पहिले बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, हिंदूंच्यात आहे तशी आमच्यातही आहे. सातव्या महिन्यात लेक येते, तिचे नाव येथल्या अंगणवाडीत आपोआप चढते, कारण कागदोपत्री ती कधी गेलेलीच नसते. दोन मुले झाली, शाळेचा प्रश्न आला, की मग पत्ता बदलायचा. सगळ्या गावाला हे ठाऊक होते. ते न शिकवता ठाऊक असते. मी एकटा कायदा वाचत बसलो आणि माझ्या लेकीचे नाव नदीपलीकडे गेले.

अस्मा दिवाळीनंतर आली तेव्हा तिच्या अंगात रक्त कमी होते. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या आणि मला विचारले, “घरात डाळ शिजते का रोज?” मी होय म्हणालो. ते अर्धसत्य होते. दस्त संगणकावर गेल्यापासून माझ्या झाडाखाली कोणी थांबत नाही. आम्ही उपाशी नव्हतो. पण डाळ रोज शिजत नव्हती, आणि जावयाला त्या महिन्यांत काम आठवड्यातून तीन दिवस होते. पोषण आहाराची आम्हाला गरज होती. ते मी लपवत नाही. गरज नसती तरी तो तिचा हक्क होता, हेही मी लपवत नाही.

अपमानाच्या तिसऱ्या दिवशी मी पूल ओलांडून पलीकडच्या गावी गेलो. तेथली सेविका भली बाई. तिने यादी काढून दाखवली.

“नाव हाय की हिथं. पर चेहरा दाखवल्याबिगर पाकीट निघत न्हाई, मामा. तिला घिऊन या.”

“बाई, ती आठ महिन्यांची गरोदर आहे. रस्ता खड्ड्यांचा आहे. डॉक्टरांनी प्रवास नको सांगितला आहे.”

“मग मी नाव सोडते. तुमच्या गावच्या ताईनं तिकडनं घ्यायचं. दोन मिनिटाचं काम हाय.”

तिने माझ्यासमोर नाव सोडले. मी तिचे आभार मानले. पुलावरून परत येताना मला वाटले की संपले. दोन मिनिटांचे काम उरले.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या सेविकेकडे गेलो. ती दूध संस्थेच्या मागच्या दाराशी मुलांना हात धुवायला लावत होती. दुधाचे संकलन सुरू झाले होते, म्हणून मुले बाहेर. रोज सकाळी तासभर ती तशीच बाहेर बसत.

“ताई, नाव सुटले आहे. तुम्ही ते घ्यायचे आहे.”

तिने इकडेतिकडे पाहिले.

“आप्पा म्हनले, थांब.”

“आप्पा तुमचे वरिष्ठ आहेत काय?”

“चाचा, माझ्या हातात असतं तर कवाच घेतलं असतं. पर खोली आप्पांची, लाईट आप्पांची, पानी आप्पांचं. पोरं उद्या कुठं बसवू?”

आता या “थांब” मागचे कारण. अंगणवाडीची जुनी खोली गळू लागली तेव्हा आप्पांनी संस्थेचे सभागृह दिले. गावाने त्यांचा सत्कार केला. मी त्या सत्काराला गेलो होतो. पण मुले रोज तासभर उन्हाथंडीत बाहेर बसतात हे पाहिल्यावर मी तालुक्याच्या कार्यालयाला पत्र लिहिले. शाळेची एक वर्गखोली रिकामी आहे, अंगणवाडी तेथे हलवावी. चार ओळींचे साधे पत्र. त्यात आप्पांचे नावही नव्हते. ते पत्र आप्पांपर्यंत पोचले. कसे, ते मी विचारत नाही.

म्हणजे माझ्या मुलीचे नाव आता कोणत्याच गावात नव्हते. तिकडून सुटलेले, इकडे न घेतलेले. नदीच्या मधोमध.

मी तालुक्याला दोन अर्ज केले. पोच घेतली. उत्तर आले नाही. कार्यालयातील एका गृहस्थांनी मला पाणी दिले, बसायला सांगितले आणि म्हणाले, “स्थानिक पातळीवर मिटवा ना, काका.” तोंडी. सगळे तोंडी.

अस्मा जानेवारीत बाळंत झाली. मुलगी. वजन कमी भरले. डॉक्टरीणबाईंनी एवढेच सांगितले की बाळाला दर आठवड्याला तोला आणि आईला खाऊ घाला, आई खाईल तर दूध येईल. दर आठवड्याला तोलायचे कोठे, तर अंगणवाडीत. तेथे बाळाचे नाव नाही, कारण आईचे नाव नाही. सेविका म्हणाली, “तोलून देते, पर लिवू कुठं?” मग तोलणेही राहिले. मी नातीला शालीत गुंडाळून वाण्याच्या दुकानात नेले. त्याने डाळीची पाटी उतरवली, तागडीवर वर्तमानपत्र पसरले. वजन घेतले आणि पाटी पुन्हा चढवली. त्या वेळीही मला काही वाटले नाही. आकडा पाठ केला आणि घरी येऊन वहीत लिहिला. दुसऱ्या आठवड्यात पुन्हा. आकडा जवळपास तोच होता.

तिसऱ्या आठवड्यात आप्पांनी निरोप पाठवला. मी गेलो. ते संस्थेच्या ओट्यावर चहा पीत होते. माझ्यासाठी कप मागवला.

“चाचा, नात कशी हाय?”

“वजन कमी आहे.”

“आरं आरं. लेकरू कुनाचं बी असू द्या, वाईट वाटतं बघा.” मग कप खाली ठेवून म्हणाले, “ती शाळेची खोली-बिली तुमच्या डोक्यातनं काढा. तेवढं पत्र मागं घ्या. नाव उद्या चढल. मी सवता पाकीट देतो लेकीच्या हातात.”

मी घरी आलो. वही उघडली. तीन आकडे पाहिले. आणि पत्र मागे घेत असल्याचे पत्र लिहायला बसलो.

ते मी माझ्या सर्वोत्तम अक्षरात लिहिले. समास सोडला. संदर्भ घातला. “माझ्या गैरसमजातून सदर अर्ज केला गेला असून तो मी स्वखुशीने मागे घेत आहे.” चाळीस वर्षांत मी हजारो लोकांसाठी “स्वखुशीने” हा शब्द लिहिला. बहिणींच्या हक्कसोड पत्रांत तर प्रत्येक वेळी. समोर मान खाली घालून बसलेल्या बाईला मी कधी विचारले नाही की खुशी आहे काय. मजकूर कायदेशीर होता, एवढे मला पुरत असे. त्या दिवशी तो शब्द लिहिताना पेन थांबले नाही. थांबायला हवे होते.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बोलावणे आले. अस्मा बाळंतपणानंतर प्रथमच घराबाहेर पडली. आप्पांनी पोत्यातून पाकीट काढले. एकाला म्हणाले, “फोटो काढ.” अस्मा उभी राहिली. पाकीट तिच्या आणि त्यांच्या हातात मिळून धरलेले. मला म्हणाले, “चाचा, तुम्ही बी या की. तुमच्याबिगर फोटो कसा.” मी गेलो. मागे उभा राहिलो. संध्याकाळी गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो फोटो आला. खाली लिहिले होते, गरजू बाळंतिणीला आप्पांच्या हस्ते पोषण आहार. त्याखाली जोडलेल्या हातांची चित्रे. पन्नासएक तरी असतील.

नाव मात्र चढले नव्हते. ते मला दुसऱ्या दिवशी कळले. सेविकेला विचारले तर म्हणाली, “आप्पा म्हनले, बघू म्होरच्या महिन्यात. एक पाकीट तर दिलं न्हवं?” ते पाकीट दुसऱ्या कोणा बाईच्या वाट्याचे होते. ती त्या दिवशी आली नव्हती.

मी घरी येऊन अस्माला हे सांगितले. ती बाळाला पाजत होती. पाकीट तिने फोडले नव्हते, फळीवर तसेच होते. आम्ही घरात दख्खनी बोलतो. ती म्हणाली, “अब्बा, तुमने हात कायकू जोडे?”

मला वाटले ती फोटोबद्दल विचारते आहे. म्हणालो, फोटोत मी हात जोडले नव्हते.

“वो नै. पहले दिन. जब उनो पूछे, कहां के. तब.”

दोन महिने तिने तो प्रश्न पोटाबरोबर बाळगला होता. तिचा आवाज चढला नाही. रडलीही नाही. उत्तराची वाट पाहत माझ्याकडे पाहत राहिली. ती मग म्हणाली, “गलती तो किसी की नै थी.” आणि बाळाला दुसऱ्या अंगाला घेतले.

मी बाहेर ओट्यावर येऊन बसलो. तेथे मला एक बाई आठवली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. उसाच्या तोडीसाठी बीडकडची टोळी आमच्या शिवारात उतरली होती, नदीच्या वळणावर त्यांच्या खोपी असतात. त्यांतली एक बाई माझ्या ओट्यापाशी आली. कडेवर दोनएक वर्षांची पोर. पोरीचे केस तांबूस झालेले, पोट पुढे आलेले. बाई म्हणाली, “आबा, तुमी अर्ज लिवता म्हनं. अंगनवाडीत पोरीला खाऊ देत न्हाईत.”

मी विचारले, “तुमचे नाव कोठे नोंदले आहे?”

“गावाकडं.”

“मग लाभ तिकडे मिळेल. येथील रहिवासी असल्याचा पुरावा आणा. मग अर्ज लिहू.”

“आबा, पोरगी हिथं ऱ्हाती. भूक बी हिथंच लागती.”

तिने हे भांडून म्हटले नव्हते. माहिती दिल्यासारखे म्हटले होते. आणि मी हसलो होतो. मला ते वाक्य गमतीचे वाटले होते. मी तिला सांगितले, “बाई, कायदा भुकेवर चालत नाही, नोंदीवर चालतो.” ती “बरं” म्हणाली आणि गेली. मी पुन्हा वर्तमानपत्र उघडले.

आप्पा हसले तसाच मी हसलो होतो. मीही ओरडलो नव्हतो. मीही अपशब्द वापरला नव्हता. आप्पांनी मला जे विचारले, ते मी तिला आधीच विचारून ठेवले होते, अधिक शुद्ध भाषेत. एवढाच फरक होता.

त्या दुपारी मी कपाटातून अन्न सुरक्षा कायद्याची प्रत काढली. कलम चार. गरोदर स्त्रीला, आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत मातेला, स्थानिक अंगणवाडीतून विनामूल्य आहार. कलम पाच, मुलांसाठी. मी ती कलमे पूर्वी अनेकदा वाचली होती. या वेळी रहिवासी दाखल्याचा उल्लेख शोधत वाचली. नाही. आधारच्या पत्त्याचा उल्लेख नाही. चेअरमनचा तर नाहीच. स्थानिक अंगणवाडी म्हणजे ती बाई जेथे आहे तेथली. कायदा भुकेवरच चालत होता. मला तो वाचता आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन खोपींकडे गेलो. बाया पहाटेपासून तोडीला गेलेल्या. एक म्हातारी आणि दोन बाळंतिणी मागे होत्या. मी विचारले, येथे गरोदर किती, सहा वर्षांखालची मुले किती.

म्हातारीने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. “मतं मागाया आलाव व्हय, आबा? आमची मतं बी तिकडंच हायेत.”

बाळंतिणी हसल्या. मी म्हणालो, मते नकोत, नावे हवीत.

“नावानं काय हुतंय?”

“होईल की नाही, ठाऊक नाही. पण लिहिल्याशिवाय तर होणारच नाही.”

“पयलं बसा तरी. उभ्यानं कसली नावं लिवता.”

मी बसलो. दोन वर्षांपूर्वीची ती बाई या वर्षीच्या टोळीत आहे काय, असे विचारले. तिचे नाव मला ठाऊक नव्हते, मी तेव्हा विचारलेच नव्हते. पोरीचे वर्णन सांगितले. म्हातारी म्हणाली, अशा पोरी लई असत्यात, आबा. मी वही उघडली.

पाच बायांची नावे झाली. घरी येऊन मी सहावे अस्माचे लिहू लागलो, तर तिने वही ओढून घेतली आणि स्वतः लिहिले. सहा नावांच्या अर्जाखाली अर्जदार म्हणून सहीही तिचीच. माझी सही कोठेच नाही. हे तिने ठरवले. मी फक्त मजकूर सांगितला, आणि दोन ठिकाणी तिने तोही बदलला. मी “कृपावंत होऊन” असे सांगितले होते. ती म्हणाली, हे काढते. मी काढू दिले.

शाळेच्या खोलीचे पत्र मी पुन्हा दाखल केले. सोबत आधीच्या माघारीचा खुलासा जोडला: सदर माघार स्वखुशीने नव्हती. चाळीस वर्षांत असे वाक्य मी प्रथमच लिहिले.

पुढच्या वाटपाच्या दिवशी आम्ही सभागृहात गेलो. अस्मा, तिच्या खांद्यावर बाळ, मागे टोळीतल्या तीन बाया. बाकीच्या दोघींना मुकादमाने सोडले नाही. मी सगळ्यांत मागे होतो.

अस्माने फळीवरचे ते न फोडलेले पाकीट सेविकेच्या टेबलावर ठेवले. “ताई, हे माझं न्हाई. ज्या बाईचं हाय तिला द्या. माझं मला माझ्या नावानं द्या.” मग स्वतःहून मोबाईलसमोर जाऊन उभी राहिली. “चेहरा घ्या.”

सेविकेने मोबाईल उचलला नाही. आप्पांकडे पाहिले.

आप्पा आतल्या टेबलावरून उठून आले. अस्माशी ते बोलले नाहीत. तिच्या डोक्यावरून माझ्याशी बोलले.

“चाचा, हे काय? ह्या बाया कुठनं गोळा केल्या?”

“नदीच्या वळणावरून. अंगणवाडीपासून एक किलोमीटर.”

“आन् त्ये पत्र?”

“पुन्हा दिले आहे. पोच माझ्याकडे आहे.”

ते हसले. तेच हसू. “म्हातारपनी कशाला ह्यो ताप? सांगायचं व्हतं, दोन पाकिटं जास्त पाठवली असती घरी.”

मी सेविकेला म्हणालो, “ताई, येथे सहा नावे आहेत. नोंद घ्या, किंवा नाकारा. नाकारायचे असेल तर कारण लिहून, खाली सही करून नाकारा.”

“असं लेखी-बिखी कुनी देतं का?” आप्पा म्हणाले. आता ते हसत नव्हते. “गावात ऱ्हायचंय न्हवं तुमाला, चाचा?”

“राहायचे आहे. म्हणूनच लेखी मागतो आहे.”

या वेळी सभागृहात कोणी हसले नाही, पण त्याचा अर्थ मी आमच्या बाजूने लावत नाही. बायका पाकिटे घेऊन एकेक करून निघून गेल्या. आमच्याकडे पाहणे त्यांनी टाळले. सेविकेने नोंद घेतली नाही. नकारही लिहून दिला नाही. टोळीतली एक बाई म्हणाली, “आबा, माझी आजची मजुरी गेली.” मी मान हलवली. आम्ही दुपारपर्यंत उभे राहिलो आणि हातात काही न घेता परतलो.

आज हे लिहीत असताना अस्माचे नाव नोंदलेले नाही. नातीचे वजन मी अजून वाण्याकडे करतो. जिल्ह्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांकडे सहा स्वतंत्र तक्रारी गेल्या आहेत, सहा बायांच्या सह्यांच्या आणि अंगठ्यांच्या. तेथून उत्तर आले नाही तर राज्याच्या अन्न आयोगाकडे जातील. टोळी पाडव्याच्या सुमारास गावाकडे परतेल. त्याआधी निकाल लागेल असे मला वाटत नाही. पुढच्या हंगामात दुसऱ्या बाया येतील, त्यांचीही नावे लिहिली जातील. वही अस्माकडे आहे.

मला कोणी विचारते, चाचा, आप्पांशी जुळवून घेतले असते तर नातीला आतापर्यंत मिळाले नसते काय? मिळाले असते. त्यांच्या हातून, त्यांच्या फोटोत, त्यांची मर्जी असेपर्यंत. तिची आई तेवढ्याला तयार नाही. मीही नाही.

माझ्या मनात अजूनही संताप नाही. जो असायला हवा होता तो बोटांच्या थंडीतच कोठेतरी राहून गेला. त्याची मी वाट पाहत नाही. संतापाशिवायही पत्र लिहिता येते, रांगेत उभे राहता येते.

एवढे मात्र ठरले आहे. या गावात बाईमाणसाच्या हक्काला यापुढे हसून दिलेला नकार मी नकार मानणार नाही. चहा पाजून, चाचा म्हणून, मिटवून घ्या म्हणून दिलेला नकार मी ऐकणार नाही. महिन्यातून एकदा वाटप होते. त्या दिवशी साडेदहाला अस्मा दारात उभी असेल. तिच्यासोबत जेवढ्या बाया येतील तेवढ्या असतील. एकही आली नाही तर ती एकटी असेल, आणि तिच्यामागे मी. आम्हाला आत घ्या, किंवा आत घेत नाही असे कागदावर लिहा. खाली नाव लिहा. हुद्दा लिहा. तारीख घाला.

पुढचे काम त्या कागदाचे आहे.